बसणे, अवघडणे आणि मजल : क्रूझर मोटारसायकलीच्या बैठकीचा विचार

मराठीतील ‘बसणे’ हे क्रियापद वरवर पाहता साधे आहे. परंतु मोटारसायकलीच्या संदर्भात त्याच्या अर्थच्छटा उलगडू लागल्या म्हणजे एका यांत्रिक प्रश्नाची सगळी रूपरेषा हाती येते. स्वार सीटवर बसतो. सीट स्वाराला बसते, म्हणजे पायात वहाण किंवा अंगात सदरा बसावा तशी ती त्याच्या मापाची ठरते. वर्षा-दोन वर्षांनी तीच सीट ‘बसते’, म्हणजे तिच्यातील फोम दबून ती खचते. आणि ‘वाट पाहत बसणे’, ‘गाडी चालवत बसणे’ अशा संयुक्त क्रियापदांत हेच क्रियापद लांबलेल्या, काहीशा कंटाळवाण्या कालावधीचा बोध करून देते. आसन, माप, झीज आणि काळ या त्या चार छटा होत. लांबच्या प्रवासासाठी मोटारसायकल घेणाऱ्याने नेमक्या याच चार गोष्टी पाहावयाच्या असतात. विक्रेत्याच्या दालनात मात्र पहिलीच तेवढी पाहिली जाते, आणि तीही पाच मिनिटे.

‘क्रूझर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारसायकलीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो. बुटकी सीट, पुढे ठेवलेले पाय, स्वाराकडे मागे वळलेले रुंद हँडल आणि दोन चाकांतील मोठे अंतर ही या प्रकाराची ओळखचिन्हे होत. शब्द मूळचा दर्यावर्दी. डच भाषेतील ‘क्रूसेन’, म्हणजे आडवेतिडवे जाणे, पाण्यावर फेऱ्या घालणे, या क्रियापदापासून गस्तीच्या जहाजाचे नाव आले व ते पुढे रस्त्यावर उतरले. अशा गाडीचे स्वार तिच्या आसनाची प्रशंसा करताना ‘गाडीवर नव्हे, गाडीत बसल्यासारखे वाटते’ असे म्हणतात. मराठीत सायकलवर, घोड्यावर, फटफटीवर बसतात. बैलगाडीत, मोटारीत, आगगाडीत बसतात. ‘-वर’ हा प्रत्यय तोल सांभाळणाऱ्याचा, ‘-त’ हा प्रत्यय सांभाळल्या जाणाऱ्याचा. क्रूझरवरील स्वार स्वतःला दुसऱ्या वर्गात घालतो. वस्तुतः तो पहिल्याच वर्गात असतो. या गाडीच्या गुणदोषांचे मूळ पुष्कळसे या एका गैरसमजात आहे.

हा आकार निर्माण झाला तो अमेरिकेत, लांब आणि बहुशः सरळ रस्त्यांवर. मिलवॉकी येथे १९०३ मध्ये सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या मोठ्या गाड्यांना दीर्घकाळ मागच्या चाकाला शॉक ॲब्सॉर्बरच नव्हते. चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले असे, आणि धक्का झेलण्याचे काम सीटच्या खालच्या स्प्रिंगा करीत. १९४९ च्या ‘हायड्रा-ग्लाइड’मध्ये पुढच्या चाकाला तेलाचा दांडा आला, १९५८ च्या ‘ड्युओ-ग्लाइड’मध्ये मागच्या चाकाला शॉक आले. म्हणजे सुखसोय हळूहळू वाढत गेली. परंतु रुचीचा प्रवाह नेमका उलट दिशेने वाहत होता. जुन्या गाड्या कापूनछाटून बनविलेल्या ‘चॉपर’ गाड्यांना १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने सर्वत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे ताणलेले पाय, उंच हँडल आणि रेलून बसलेला स्वार हे स्वच्छंदाचे चित्र ठरले. १९८४ मध्ये ‘सॉफ्टेल’ ही गाडी आली. तिचे मागचे शॉक मुद्दाम सांगाड्याखाली लपविलेले होते, ते अशासाठी की गाडी जुन्या, शॉक नसलेल्या गाडीसारखी दिसावी. सुखसोय पुरवावयाची, पण ती डोळ्यांना दिसू द्यावयाची नाही, हा प्रकार मोठा उद्बोधक आहे. क्रूझरची ठेवण पुष्कळ अंशी डोळ्यांनी ठरविली आहे. कमरेचे मत नंतर विचारले गेले.

आता शरीराकडे वळावे. स्वाराचा गाडीशी संबंध तीन ठिकाणी येतो : बैठक, पाय आणि हात. ज्या गाडीत पाय कमरेच्या साधारण खाली येतात, तीत शरीराचा काही भार पायांवर उतरतो आणि खड्डा आला तर स्वार पायांवर जोर देऊन क्षणभर सीटवरून उठू शकतो. घोडेस्वारीतील ‘मांड’ या शब्दात हीच कल्पना आहे. मांड म्हणजे नुसते बसणे नव्हे. मांड्यांची पकड आणि रिकिबीतील पाय यांच्या साहाय्याने भार वाटून घेणे, हलत्या पाठीबरोबर हलणे, हा तिचा अर्थ. म्हणून मांड ‘ठोकली’ जाते, ती ‘पक्की’ किंवा ‘ढिली’ असते. खुर्चीवर बसणाऱ्याची मांड कोणी पाहत नाही. क्रूझरवर पाय जितके पुढे जातात, तितकी ही मांड अशक्य होत जाते. पुढे टेकलेल्या पायांवर जोर दिला तर शरीर वर उचलले जात नाही, मागे ढकलले जाते. परिणामी जवळजवळ सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर आणि, स्वार रेलला तर, माकडहाडावर येतो.

एवढ्यावर हे थांबत नाही. मांडीच्या मागच्या बाजूचे स्नायू वरती बैठकीच्या हाडांना आणि खाली गुडघ्याच्या पलीकडे जोडलेले असतात. बसलेल्या स्थितीत पाय पुढे लांब केले की हे स्नायू ताणले जातात व कटिभाग मागच्या बाजूस फिरवतात. कटिभाग फिरला की कमरेच्या कण्याचा नैसर्गिक, आत गेलेला बाक सपाट होतो. त्यातच हँडल दूर असेल तर ते धरण्यासाठी खांदे पुढे येतात व पाठ धनुष्यासारखी वाकते. स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद आल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकतीत सुई घालून दाब मोजला तेव्हा आधाराविना बसलेल्या माणसाच्या चकतीवरील दाब उभ्या माणसापेक्षा सुमारे ४० टक्के अधिक भरला होता. १९९९ मध्ये जर्मनीत हान्स-योआखिम विल्के व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या मोजणीत सैलपणे बसलेल्या माणसाचा दाब उभ्या माणसाहून विशेष वेगळा आढळला नाही. मात्र पुढे वाकून बसल्यावर तो पुष्कळच वाढतो याविषयी दोन्ही मोजण्यांचे एकमत आहे. तेव्हा बसणे हेच मुळी घातक, असे सरसकट विधान करता येत नाही. कसे बसले आहे आणि हात कोठवर पोहोचवावे लागतात, यावर सारे अवलंबून आहे. या चकतीला मराठी बोलीत ‘गादी’ म्हणतात, आणि सीटलाही गादी म्हणतात. बाहेरची गादी जे झेलत नाही, ते आतल्या गादीला झेलावे लागते.

धक्क्यांचाही एक स्वभाव असतो. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या कंपनांपैकी सेकंदाला साधारण ४ ते ८ आंदोलनांच्या कंपनांना सर्वांत अधिक प्रतिसाद देते. खराब रस्त्यावरून गाडी नेताना याच टप्प्यातील हेलकावे मोठ्या प्रमाणात निर्माण होतात. इंजिनाचा थरार वेगळा. चार हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनाचा मुख्य थरार सेकंदाला सुमारे ६७ आंदोलनांचा असतो. तो कण्याला फारसा जाणवत नाही, पण तळहात व तळपाय यांना बधिर करतो. हाताला मुंग्या आल्या म्हणजे दोष इंजिनाचा आणि कंबर धरली म्हणजे दोष आसनाचा किंवा शॉकचा, असे ढोबळमानाने समजावयास हरकत नाही.

परंतु या साऱ्यांहून महत्त्वाचा मुद्दा मराठीच्या एका क्रियापदात दडलेला आहे. लांब बसून राहिल्यावर ‘अंग दुखते’ असे कोणी लगेच म्हणत नाही. ‘अंग अवघडले’ असे म्हणतात. ‘अवघड’ म्हणजे कठीण, बिकट. ‘अवघडणे’ म्हणजे एकाच स्थितीत राहिल्याने शरीर ताठरणे. याच्या उलट क्रिया ‘अंग मोकळे करणे’. या जोडीत सुखाची जी कल्पना अभिप्रेत आहे ती हालचालीची आहे. जाहिरातीतला ‘आराम’ हा फारसीतून आलेला शब्द विश्रांतीचा, निश्चलतेचा आहे. क्रूझर आराम देते, यात शंका नाही. दालनात बसणाऱ्याला ती तत्क्षणी पटते. लांबच्या प्रवासाला मात्र मोकळीक हवी असते, आणि तीच या गाडीत कमी असते. खोलगट सीट स्वाराला एका जागी धरून ठेवते, तिची मागची पायरी त्याला मागे सरकू देत नाही, पाय पुढे अडकलेले असल्यामुळे उठता येत नाही. एक बैठक अत्यंत सुखाची, पण दुसरी बैठक नाही, अशी ही स्थिती आहे. उत्कृष्ट आसनही तीन तास पालटता आले नाही तर शिक्षा ठरते. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या मोठ्या गाड्यांना पाय ठेवण्यासाठी दांड्याऐवजी रुंद पाटी असते. तिचा खरा उपयोग पाऊल पुढेमागे सरकवता यावे हा होय.

सीटच्या मऊपणाविषयीचा समज असाच तपासून पाहावयास हवा. ‘खोगीरभरती’ हा शब्द आज निरर्थक भर या अर्थी सर्वत्र वापरला जातो. मुळात तो खोगिरात कोंबलेल्या चिंध्या-चोथ्याचा वाचक आहे. मऊ, जाड फोम हाताने दाबून पाहणारा गिऱ्हाईक बहुधा खोगीरभरतीच विकत घेत असतो. फार मऊ फोम शरीराच्या भाराने तळापर्यंत दबतो आणि बैठकीची हाडे खालच्या कठीण पत्र्याशी भिडतात. किंचित घट्ट, रुंद आणि मांड्यांनाही आधार देणारी सीट प्रथम कडक वाटते, पण भार मोठ्या क्षेत्रावर वाटते म्हणून चौथ्या तासाला तीच बरी वाटते. सीटची परीक्षा बोटांनी होत नाही, ती मजलेने होते. ‘मजल’ म्हणजे अरबी ‘मंझिल’, एका दिवसाच्या वाटचालीचा मुक्काम. ‘मजल दरमजल’ चालणाऱ्या फौजांच्या भाषेतील हे माप मोटारसायकलीच्या सुखासाठी किलोमीटरपेक्षा अधिक योग्य आहे, कारण त्यात अंतर आणि थकवा एकत्र मोजले जातात.

हातांचा प्रश्न वाऱ्याशी निगडित आहे. ताठ वा किंचित मागे रेललेल्या स्वाराची छाती शिडासारखी वारा झेलते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेले की तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. पुढे झुकलेल्या स्वाराच्या धडाचा काही भार वारा उचलतो, क्रूझरच्या स्वाराला मात्र तो मागे लोटतो, आणि स्वार हँडलला धरून नव्हे, लोंबकळून बसतो. मनगटे आणि खांदे त्यामुळे थकतात. समोर काच बसविणे हा उपाय सुचतो, पण काचेची कड अशा उंचीवर आली की तिच्यावरून उसळलेला वारा हेल्मेटवरच आदळत राहतो, तर मानेचे हाल पहिल्याहून वाईट होतात. काच असावी तर वारा डोक्यावरून जाईल इतकी उंच. मात्र स्वाराची दृष्टी तिच्या कडेवरून गेली पाहिजे, नाही तर पावसात दिसेनासे होते.

मापाविषयी जो आकडा सर्वत्र पुढे केला जातो तो सीटच्या उंचीचा. २०२३ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या रॉयल एन्फील्डच्या ‘सुपर मीटिऑर ६५०’ या गाडीची सीट जमिनीपासून ७४० मिलिमीटर आहे, २०२० च्या ‘मीटिऑर ३५०’ ची ७६५ मिलिमीटर. पुण्याच्या बजाज ऑटोने २००५ साली आणलेल्या ‘अ‍ॅव्हेंजर’ या मालिकेतील गाड्याही अशाच बुटक्या. बेताच्या उंचीच्या स्वाराला, विशेषतः स्त्री-स्वाराला, दोन्ही तळपाय जमिनीवर टेकता येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. २४१ किलो वजनाची ‘सुपर मीटिऑर’ उताराच्या खडीवर थांबवताना तिचे मोल कळते. परंतु सीटची उंची हे थांबलेल्या गाडीचे माप आहे. चालत्या गाडीची मापे दुसरी. बैठकीपासून पाय ठेवण्याच्या जागेपर्यंतचे अंतर आणि खांद्यापासून हँडलपर्यंतचे अंतर ही ती होत, आणि ती माहितीपत्रकात छापलेली नसतात. सारख्याच उंचीच्या दोन माणसांपैकी एकाचे पाय लांब व धड आखूड, दुसऱ्याचे उलट, असे असले तर एकाला बसलेली गाडी दुसऱ्याला बसत नाही. परीक्षा सोपी आहे. पाय जागेवर ठेवले असता गुडघ्यात स्पष्ट बाक राहिला पाहिजे, पाठ न वाकवता हँडल धरल्यावर कोपर किंचित दुमडलेले राहिले पाहिजे, आणि हँडल एका बाजूस पुरते वळवले असता बाहेरच्या हाताचा खांदा ओढला जाता कामा नये. मागे वळलेल्या रुंद हँडलांत ही शेवटची अट पुष्कळदा मोडते, आणि ती मोडली असल्याचे घाटातील पहिल्या वळणावर, म्हणजे नको तेव्हा, लक्षात येते.

घाटाचा उल्लेख झालाच आहे, तर रस्त्यांचा विचार टाळता येत नाही. क्रूझरची ठेवण ज्या प्रकारच्या रस्त्यांनी घडवली, तसे रस्ते महाराष्ट्रात नाहीत असे नाही. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि २०२५ च्या जूनमध्ये संपूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग हे तसेच सरळ, रुंद व अखंड रस्ते आहेत. परंतु या दोन्हींवर दुचाकी वाहनांना मज्जाव आहे. म्हणजे या गाडीला जे रस्ते मानवले असते ते तिला बंद, आणि खुले आहेत ते खंडाळ्याचा जुना रस्ता, आंबोलीचा घाट, कोकणातील वळणे आणि प्रत्येक गावाच्या वेशीवरचे गतिरोधक. या रस्त्यांवर उठून धक्का पायांवर घेण्याची सोय हवी असते, आणि शॉकला खालीवर होण्यास जागा हवी असते. ‘सुपर मीटिऑर’च्या मागच्या चाकाला ती १०१ मिलिमीटर आहे; त्याच कंपनीच्या २०१६ च्या ‘हिमालयन’ला, जिची सीट ८०० मिलिमीटर उंच आहे, ती १८० मिलिमीटर होती. सीट खाली आणावयाची तर शॉकची धाव आखूड करावी लागते, हा त्यातील सौदा. भारतात तयार होणाऱ्या क्रूझरमध्ये पाय अमेरिकन गाड्यांइतके पुढे नसून बेताने पुढे असतात, ही तडजोड समंजसपणाची म्हटली पाहिजे, जरी शौकिनांना ती मिळमिळीत वाटते.

हाती असलेली गाडी अंगाला बसवून घेण्याचे उपाय मर्यादित पण परिणामकारक आहेत. हँडल त्याच्या पकडीत थोडे फिरवून मनगट सरळ करता येते. याला खर्च नाही. मागच्या शॉकच्या स्प्रिंगचा ताण स्वार, सोबती व सामान यांच्या एकूण वजनाप्रमाणे बदलावयाचा असतो. ‘मीटिऑर ३५०’ मध्ये त्यासाठी सहा टप्पे दिले आहेत, पण गाडी घेतली त्या दिवशीचा टप्पाच ती विकली जाईपर्यंत राहतो असा सार्वत्रिक अनुभव आहे. सीट बसली असेल तर ती कुशल कारागिराकडून योग्य घनतेच्या फोमने पुन्हा भरून घ्यावी. सांगाड्याला हात घालणारे फेरफार मात्र वेगळ्या कोटीतले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे त्यांवर निर्बंध आहेत. आणि तासा-दीड तासाने उतरून अंग मोकळे करणे याला कोणताही सुटा भाग पर्याय होऊ शकत नाही. बधिर झालेला हात ब्रेकवर उशिरा जातो. हा प्रश्न निव्वळ सुखाचा नाही.

मागे बसणाऱ्याविषयी थोडे सांगावयाचे राहिले. मराठीत त्याला नाव नाही. ‘डबलसीट जाणे’ ही क्रिया आहे, पण डबलसीट जाताना जो मागे असतो त्याला ‘मागचा’ किंवा ‘मागची’ यापलीकडे संज्ञा नाही. क्रूझरच्या रचनेतही त्याची गणना जेमतेम आहे. मागची सीट बहुधा आखूड, पुढच्या सीटपेक्षा एक पायरी उंच, आणि थेट मागच्या चाकावर. त्यामुळे आखूड धावेच्या शॉकचा प्रत्येक धक्का प्रथम तिलाच बसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ ने मागच्याला धरावयास मूठ, पाय ठेवावयास जागा आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून निम्म्या चाकावर जाळी देणे बंधनकारक केले आहे. बोलीत जिला ‘साडीगार्ड’ म्हणतात ती हीच जाळी. परंतु साडी नेसून एका अंगाने बसणाऱ्या स्त्रीला लागते ती मागची सपाट, लांब सीट, आणि ती कापूनच क्रूझरची ती डौलदार उतरती रेषा साधलेली असते.